खेळणारे अकरा, खुर्च्या दहा

५ मार्च, रविवार

ठरवून टाकलं. यंदाही घरची सगळी मंडळी जमणार, दरवर्षीसारखी आपल्या गोदामासमोरच्या पटांगणात, आणि खेळही होणार. एप्रिलचा पहिला रविवार. सकाळी चहा पिताना हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. मान वर केली नाही. म्हटलं, "अगं, ऐकलंस का?" तर म्हणे, "ऐकलं." संपलं. 

आमची धाकटी लेक गेली त्याला आता वर्ष होत येईल. गेल्या वर्षीचे खेळ झाले आणि पुढच्याच महिन्यात तापाचं निमित्त झालं. आठवडाभरात सगळं आटोपलं. खेळांचा सगळा कारभार तिचाच असायचा. बालवाडीत शिकवायची, त्यामुळे म्हाताऱ्यांनासुद्धा रांगेत उभं करायची. माझं काम तीनच, खुर्च्या पुरवायच्या, पंच म्हणून शिट्टी फुंकायची आणि संगीत खुर्चीला डबा बडवायचा. जन्मभर मांडव आणि खुर्च्या भाड्याने देतोय, तेवढं मला जमतं. खेळ घेणं मला नवीन आहे. म्हणून ही डायरी काढली. एका गिऱ्हाइकाने दिलेली कोरी पडली होती. हिच्यात फक्त खेळांची तयारी लिहायची. बाकीचं लिहून काय होणार आहे?

ही दिवसभर धाकटीच्या खोलीत बसून असते. माणसाने असं बसून राहू नये. चार माणसं आली, धावपळ झाली, की येईल बाहेर.

८ मार्च, बुधवार

थोरल्याचा फोन. "बाबा, यंदा राहू द्या ना."

"का? काय झालंय यंदा?" मी म्हटलं.

  तो म्हणाला, "तुम्हाला जमेल?" मला असा राग आला! लग्नाच्या दिवसांत दोन-दोन हजार माणसं बसवतो मी. घरच्या मंडळींना लिंबू-चमचा खेळवायला जमणार नाही?

मग आक्काला फोन लावला. बहीण मोठी आहे, तिचं सगळे ऐकतात. ती म्हणाली, "बाबा रे, कर तू. पण तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"तसं नव्हे रे," आक्का म्हणाली, आणि फोन मेहुण्यांकडे दिला. मेहुण्यांना कमी ऐकू येतं. मग हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

१२ मार्च, रविवार

खेळांची पेटी धाकटीच्या कपाटात होती. ही पलंगावर बसली होती. म्हटलं, "पेटी हवी आहे."

"कशाला?"

"खेळांना. दुसरं कशाला?"

 मग उठली, पेटी काढली आणि माझ्या हातात ठेवून पुन्हा जाऊन बसली. मी ती बाहेरच्या खोलीत उघडली. रस्सीखेचीचा दोर चांगला आहे. चमचे आहेत, खडू आहेत, पोत्यांच्या शर्यतीची पोती आहेत, त्यातल्या दोनांना भोकं. कॅरमचा स्ट्रायकर सापडला, सोंगट्या सापडल्या, राणी सोडून. संगीत खुर्चीला वाजवायचा पत्र्याचा डबाही तोच, चेपलेला. आंधळी कोशिंबिरीचा निळा रुमाल मात्र पार कळकट. धाकटी डोक्याला चोपडायची त्या तेलाचा वास मारत होता.

पत्त्यांचा एक कॅट पुरा आहे. दुसऱ्यात बदामची राणी हरवलेली, तर तिने पुठ्ठा कापून त्यावर पेन्सिलीने राणी काढून ठेवली आहे. राणीला चष्मा, आणि नाक अगदी हिच्यासारखं. कपाळावर आठ्यासुद्धा. तो कॅट मी पेटीत पुन्हा खाली घातला. पुरा कॅट असताना तो कशाला हवा?

१५ मार्च, बुधवार

आज भलतंच झालं.

सकाळी लवकर उठून मी तो निळा रुमाल धुतला. स्वतःच्या हाताने. साबण लावून, चोळून, दोनदा खळबळून दोरीवर टाकला. लग्न झाल्यापासून या घरात मी कपडा धुतल्याचं कोणाला आठवत नसेल. म्हटलं, ही खूश होईल. ही अंगणात आली, दोरीपाशी थबकली, रुमाल काढून नाकाशी धरला. मग विचारलं, "हा कोणी धुतला?"

"मी!" मी म्हटलं. जरा ऐटीतच.

"वर्षभर मी तो धुतला नव्हता," ही म्हणाली. "वर्षभर. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं म्हणूनच धुतला ना! वर्षभर न धुतलेला रुमाल काय पाहुण्यांच्या तोंडावर बांधायचा?"

ती तिथेच खाली बसली, ओल्या फरशीवर, आणि असं रडली की शेजारची बाई कुंपणापाशी आली. मी काय करणार? पाणी आणून दिलं. घेतलं नाही. बरं केलेलं कोणाला दिसत नाही या घरात.

संध्याकाळी आपणहून बोलायला आली. वाटलं, राग गेला. तर म्हणाली, "खेळ झाले की मी ताईकडे जाते." ताई म्हणजे हिची थोरली बहीण.

"किती दिवस?"

"बघू."

"जा की. हवापालट होईल."

मग दारात उभी राहून म्हणाली, "एक विचारू? ती गेल्यापासून तुम्ही एकदाही तिचं नाव घेतलं नाहीत. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीत. तुम्हीच ठेवलं होतं ना लाडाचं नाव? दिवसातून पन्नासदा हाका मारायचात. इतकं कसं विसरता येतं हो माणसाला?"

बाहेर टेम्पो उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गेलो.

१९ मार्च, रविवार

थोरला, सूनबाई आणि नात जेवायला आले होते. नातीला घेऊन पटांगणात रंगीत तालीम केली. सहा वर्षांची आहे, पण जीभ तिची वकिलाची. मी लिंबू-चमच्याची रेघ मारली, नियम सांगितला, लिंबू पडलं की बाद. तर म्हणते, "आत्या असं नाही करायची."

"मग कसं करायची?"

"पडलं तर उचलायचं आणि परत पळायचं."

"मग बाद कोण होणार?"

"कोणीच नाही. हसायचं फक्त."

हा काय खेळ झाला? पण पुढे प्रत्येक गोष्टीला तेच. रस्सीखेचीत आत्या लहानांच्या बाजूला स्वतः जायची. आंधळी कोशिंबिरीत आत्या रुमाल सैल बांधायची, म्हणजे आक्काआजीला खालून दिसेल. माझ्या नाकाखाली इतकी वर्षं हा भ्रष्टाचार चालला होता आणि पंच मी! पोरीला म्हटलं, "यंदा मी सांगतो तसं." ती म्हणाली, "बरं," पण चेहरा पडला तिचा. सूनबाई ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघत होती. डोळे पुसत होती. कांदा चिरत असावी.

२४ मार्च, शुक्रवार

खुर्च्या बाजूला काढल्या. लाल, नव्या, एकीचाही पाय तडकलेला नाही. या धंद्यात माणसं मोजण्यात चूक चालत नाही. एक खुर्ची कमी पडली की वराचा मामा रुसतो, आणि सगळा समारंभ बाजूला राहून लोक मलाच शोधतात. माझी खुर्ची आजवर कमी पडली नाही आणि जास्तही झाली नाही, हे गावभर सगळे सांगतील. घरचे बारा. मी डब्यावर. खेळणारे अकरा, खुर्च्या दहा. गोदामातल्या पोऱ्यांना बजावलं, या दहांना हात लावायचा नाही.

हिने माळ्यावरची मोठी बॅग काढून घेतली. ताईकडे जायला एवढी मोठी? असो, बायकांचं सामान. चार दिवस मला स्वयंपाक शिकवतेय. डबे कुठले कुठे, गॅसचं बटण कुठं अडतं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या डबीत, दूधवाल्याला काय सांगायचं. म्हटलं, "अगं, पंधरा दिवसांत येशीलच ना! तोवर उपाशी मरत नाही मी." ती कांदा बारीक कसा चिरायचा ते दाखवत राहिली. मला नाही जमला.

धाकटीच्या खोलीतला फोटो तिने उतरवून बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवलाय. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. खोलीला रंग काढायला हवा.

१ एप्रिल, शनिवार

पटांगण झाडून घेतलं. फक्कीने रेघा मारल्या. सरळ आल्या आहेत. लिंबं आणली. बॅग दाराशी येऊन उभी आहे, ताईंचा मुलगा सोमवारी सकाळी गाडी घेऊन येणार म्हणे. मी हिला विचारलं, उद्या खेळशील ना? म्हणाली, "पाहुण्यांचं बघायला नको का?" म्हणजे खेळेल. दरवर्षी नाही नाही म्हणते आणि संगीत खुर्चीत आक्काला ढकलून बसते.

२ एप्रिल, रविवार

पाहुणे गेले. घर शांत आहे. ही आत आहे. मला हे आजच लिहून काढायचंय, जसं झालं तसं.

सकाळी सगळे वेळेवर आले. धाकटा भाऊ, भावजय, त्यांचे जुळे, आता मिशा फुटलेले, पण अंगात तोच वांडपणा. आक्का आणि मेहुणे. थोरला, सूनबाई, नात. आल्या आल्या प्रत्येकजण हिच्या गळ्यात पडला आणि माझ्या पाठीवर थोपटून गेला. मला ते थोपटणं आवडलं नाही. मी शिट्टी फुंकली.

रस्सीखेच झाली. दोर धरून मेहुणे सरळ आडवे झाले आणि सगळे हसले. लिंबू-चमच्याला नातीने माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलं, "ठीक आहे, पडलं तर उचला." पोरीने टुणकन उडी मारली. आंधळी कोशिंबिरीला मी पेटीतून रुमाल काढला तेव्हा ही उठून स्वयंपाकघरात गेली. रुमाल स्वच्छ होता, कडक वाळलेला. मी तो आक्काला घट्ट बांधला. ती बिचारी खांबावर आपटली. जुळ्यांनी मला "पंच हाय हाय" केलं. जेवणानंतर सतरंजीवर कॅरम आणि पत्ते झाले. ही पायरीवर बसून होती. मला वाटत होतं, चाललंय, सगळं नीट चाललंय.

संगीत खुर्ची नेहमी शेवटी. मी दहा लाल खुर्च्या गोल लावल्या. नात जाऊन हिच्या हाताला लोंबकळली. "आजी चल, आजी चल ना!" ही उठली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. "सगळे आले?" मी ओरडलो. "आले!" मी पाठ केली, स्टुलावर बसलो आणि डबा बडवायला घेतला.

चांगला लांबवला. मग थांबलो.

दरवर्षी या वेळेला मागे आरडाओरडा होतो. खुर्ची पडते, कोणीतरी "मी आधी, मी आधी" करतं, दोघे एका खुर्चीत अडकतात आणि पंचाला मध्ये पडावं लागतं. आज मागे काहीच नाही. वळून पाहतो तर सगळे बसलेले. एक खुर्ची रिकामी नाही, एक माणूस उभं नाही.

"आजोबा," नात म्हणाली, "आऊट कोण?"

माझा पारा चढला. एवढं डोळ्यांत तेल घालून मोजलेलं! शिट्टी फुंकून म्हटलं, "खुर्ची कोणी वाढवली? जुळ्यांनो, हा तुमचा आगाऊपणा!"

"शप्पथ, मोठे काका, आम्ही नाही," एक म्हणाला.

खुर्च्या मोजल्या. दहा. बरोबर. म्हणजे खुर्ची जास्त नाही, माणूस कमी आहे. आक्कापासून बोट दाखवत मोजायला लागलो, मोठ्याने. दहाच भरले. पुन्हा उलट्या बाजूने मोजले. दहाच. म्हटलं, "अरे, एकजण राहिलंय. खेळणारे अकरा ना आपण? कोण राहिलं आत?"

 मेहुण्यांनासुद्धा ऐकू गेलं होतं, ते पायांकडे बघत होते. थोरल्याने चष्मा काढला. आणि मला मात्र वाटलं, तिचं नेहमीचंच. खेळ सुरू करायची वेळ आली की ती हमखास आत कुठेतरी हरवलेली, आणि मग शेवटच्या क्षणाला धावत येणार. मी घराकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"भिंगरे! ए भिंगरे! चल लवकर, सगळे खोळंबलेत!"

माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला. तेव्हा मला कळलं.

हातात शिट्टी होती. ती कधी पडली माहीत नाही. मी स्टुलावर बसायला गेलो तर स्टूल मागे राहिलं आणि मी मातीत बसलो. ही उठून आली. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. ती माझ्याशेजारी मातीतच बसली. म्हणाली, "तुम्ही तिला मोजलं होतंत?"

मी मान हलवली.

"खुर्च्या काढल्या तेव्हाही?"

"दहाच काढल्या," मी म्हटलं. "अकराजणांना दहा." आणि मग मला रडू आलं. वर्षभराचं आलं. मुलांसमोर, नातीसमोर, मिशा फुटलेल्या पुतण्यांसमोर, नाक गळेपर्यंत. हिने माझं डोकं धरून ठेवलं. "मला वाटलं, तुम्ही विसरलात," एवढंच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा. "मला वाटलं, तुम्ही विसरलात हो."

बराच वेळ गेला. मग नातीने आईला हळूच विचारलं, सगळ्यांना ऐकू येईल इतकं हळू, "आता एक खुर्ची काढायची ना?"

"नको," ही म्हणाली. "राहू दे."

डबा थोरल्याने घेतला. त्याच्या जागी मी उभा राहिलो. तो वाजवायचा, आम्ही फिरायचो, तो थांबला की सगळे बसायचे. सगळ्यांना जागा मिळत होती. पुन्हा वाजवायचा. आक्का फिरता फिरता पदराने डोळे पुसत होती आणि मेहुणे तिला पुढे ढकलत होते. कोणी बाद झालं नाही, कोणी जिंकलं नाही. ऊन उतरल्यावर आम्ही थांबलो.

३ एप्रिल, सोमवार

सकाळी ताईंचा मुलगा गाडी घेऊन आला. हिने त्याला खाऊपिऊ घातलं आणि रिकामी गाडी परत पाठवली. "पुढच्या महिन्यात येऊ म्हणावं, दोघं," असं सांगितलं. मला काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. फोटो पुन्हा भिंतीवर गेला. खिळा सैल झाला होता, तेवढा मी ठोकून दिला.

मग पेटी आवरायला घेतली. रुमाल हातात आला. दार लोटून घेतलं आणि हिने धरला होता तसा नाकाशी धरला. साबण. कोपरे हुंगले, गाठ पडायची ती जागा हुंगली. सगळीकडे साबण. काय धुऊन टाकलं मी, ते आता समजलं. आता समजून तो वास परत कुठून आणू?

रुमाल घेऊन खोलीत गेलो. भिंगरीच्या पलंगावर ही बसली होती. मी म्हटलं, "मला कळलं नव्हतं गं." तिने रुमाल घेतला, घडी घातली, उशीखाली ठेवला. "माहीत आहे," म्हणाली. ते माफ केलं असं नव्हतं. पण सरकून तिने मला बसायला जागा केली.

 दुपार जाता जाईना. शेवटी तीच म्हणाली, "पत्ते आणा." मी पेटीतून पुरा कॅट काढला, मग तो ठेवला आणि दुसरा घेतला. दोघंच होतो, म्हणून रमी मांडली. तिसऱ्या डावाला पुठ्ठ्याची राणी माझ्याकडे आली. चष्मा, आठ्या, पेन्सिलीच्या रेघा थोड्या पुसट झालेल्या. मला लागत नव्हती ती. ती टाकली असती तर हातातला डाव सुटत होता. माझ्याने टाकवली नाही. दुसरीच पानं टाकत राहिलो आणि चांगला लागलेला डाव हरलो.

हिने माझी पानं उलटी करून पाहिली.

"मला वाटलंच," ती म्हणाली, "ती तुमच्याकडेच असणार." आणि पुन्हा पत्ते पिसायला घेतले.